मागच्या ईदचा कुर्ता

रमजानचे शेवटचे आठ दिवस सोलापुरात विजापूर वेशीतला मीना बाजार मध्यरात्र उलटली तरी जागा असतो. त्या वर्षी तरावीह आटोपून आम्हीही निघालो. आमच्या घरची जुनी रीत अशी, की ईदला सगळ्या मुलांना एकसारखे कपडे. मोठ्या मुलांसाठी एकाच ताग्यातले कापड घेऊन शाबानमध्येच मास्तरांकडे टाकलेले असते. दोन-अडीच वर्षांच्या पोरांचे मात्र तयारच घेतो. अशी त्या वर्षी दोन पोरे होती, एक दिराचा मुलगा आणि एक नणंदेचा. दोघांच्या जन्मात बारा दिवसांचे अंतर.

दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "किती वर्षांचे?" आम्ही म्हणालो, दोन. त्याने वर न बघता दोन पांढरे कुर्ते-पायजमे समोर टाकले. "२० नंबर घ्या, दोन वर्षाला २० नंबर."

घरी येऊन घालून पाहिले. दिराच्या मुलाचे डोके गळ्यातच अडकले. तो आतून ओरडायला लागला, दोघांनी मिळून त्याला बाहेर काढले. नणंदेच्या मुलाच्या बोटांवर बाह्या लोंबत होत्या, खांदा उजवीकडून घसरत होता आणि तिसऱ्या पावलाला तो पायजम्यात पाय अडकून पडला. सगळे हसले. शेजारच्या खाला बसल्या होत्या, त्या सहज बोलून गेल्या, "दोघे एकाच महिन्यातले? वाटत नाही हो."

नणंद हसली नाही. सहेरीच्या वेळी चुलीपाशी आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिने हळूच विचारले, "भाभी, माझ्या दुधातच काही कमी होते का?"

एका २० नंबरच्या कुर्त्याने एका आईला कुठे नेऊन उभे केले पाहा. ज्यांच्या घरात एकाच वयाची दोन पोरे आहेत, त्यांना हा प्रसंग नवा नसेल. म्हणून आधी त्या नंबराचाच निकाल लावू या.

बाजारात मुलांच्या कपड्यांवर १६, १८, २०, २२ असे आकडे असतात. हे कशाचे आकडे, असे आम्ही पुढच्या वेळी तीन दुकानांत विचारले. एक म्हणाला छातीचे इंच, दुसरा म्हणाला फ्रॉकच्या लांबीचे इंच, तिसरा म्हणाला, "मॅडम, नंबर म्हणजे नंबर." खरे तर तिसराच प्रामाणिक म्हणायचा. कपडा कापणारा प्रत्येक कारखाना आपल्या अंदाजाने कापतो. एकाचा २० दुसऱ्याच्या २२ एवढा भरतो. काही कपड्यांवर नंबराऐवजी वय असते, '१८-२४ महिने', '२-३ वर्षे'. ते वाचायला सोपे, पण त्याने घोटाळा वाढतोच. आपल्या देशात लोकांच्या अंगाची मापे घेऊन भारतीय साइज ठरवण्याचे मोठे काम राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, हाती घेतले. त्यात मापे घेतली ती १५ ते ६५ वर्षांच्या लोकांची. दोन वर्षांचे पोर त्यात कुठेच नाही.

नणंदेचे सासर रत्नागिरीकडचे, यजमान मस्कतला. कोकणातल्या बऱ्याच घरांसारखे त्यांच्याकडेही वर्षातून एकदा तिकडून कपड्यांची पेटी येते. एकदा त्यात एक पँट आली, तिच्यावर नुसते '८६' लिहिलेले. आम्ही सगळे विचारात पडलो, ८६ कसले? मग कळले, ही युरोपातली पद्धत आहे. तिथे मुलाच्या कपड्यावर उंची लिहितात, सेंटिमीटरमध्ये. ८० नंतर ८६, मग ९२, मग ९८, दर पायरीला ६ सेंटिमीटर. मुलाला भिंतीपाशी उभे करा, मोजा, तो आकडा शोधा. वय विचारायचेच नाही. त्याच पेटीतल्या अमेरिकन झबल्यावर '२टी' होते. त्यातला टी म्हणजे नुकते चालू लागलेले पोर, आणि हा कपडा लंगोटासाठी बुडाशी थोडा ऐसपैस असतो. आमच्या मते ८६ लिहिणारा सगळ्यांत शहाणा.

कारण दोन वर्षांचे मूल म्हणजे एक माप नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापे घेतली. ब्राझील, घाना, नॉर्वे, अमेरिका, ओमान आणि भारत. आपल्याकडची मुले दक्षिण दिल्लीतली होती. आईचे दूध मिळालेली, आई धूम्रपान करत नसलेली, खाण्यापिण्याची ददात नसलेली मुले निवडली होती. त्यावरून २००६ मध्ये वाढीचे तक्ते निघाले. त्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलग्याचे मधले वजन १२.२ किलो आणि मुलीचे ११.५ किलो आहे. उंची मुलग्याची ८७ सेंटिमीटर, मुलीची जवळपास ८६. पण हे झाले मधले आकडे. निरोगी मुलग्यांमध्येच वजन पावणेदहा किलोपासून सव्वापंधरा किलोपर्यंत आणि उंची ८१ पासून ९३ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या, दोन्ही ठणठणीत मुलांमध्ये बारा सेंटिमीटरचा फरक, आपल्या युरोपीय आकड्यात दोन पायऱ्यांचा. त्या दोघांना एकच २० नंबर कसा बसणार?

या अभ्यासातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते, वर्गातही सांगतो. ओमानचे मूल, नॉर्वेचे मूल आणि दिल्लीचे मूल, नीट खायला-प्यायला मिळाले तर पहिल्या पाच वर्षांत त्यांच्या उंचीत देशामुळे पडणारा फरक अगदी थोडा निघाला. मोठा फरक होता तो एकाच गावातल्या दोन मुलांमध्ये. "आपली मुले खुजीच असतात" हे वाक्य म्हणून आम्ही कुणाला बोलू देत नाही.

नणंदेच्या मुलाकडे वळू. ईदनंतर ती माहेरी होती तेव्हा आम्ही तिच्याकडून माता-बाल संरक्षण कार्ड मागवून घेतले. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळते ते. त्यात मुलींचा तक्ता गुलाबी असतो, मुलग्यांचा निळा. पुष्कळ घरांत हे कार्ड लसीच्या तारखांपुरते उघडतात आणि तक्त्याचे पान कोरे राहते. तिच्या कार्डावर सुदैवाने ठिपके होते. आम्ही ते जोडले. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत पोर खालच्या बाजूच्या एकाच रेषेला धरून वर चढत होते, न चुकता. दोन वर्षांना १०.६ किलो, ८३ सेंटिमीटर. नणंद चार फूट दहा इंच, तिचे यजमान पाच फूट तीन. पोर उड्या मारते, शब्दाला शब्द जोडते, ताटातले ओढून खाते. त्याची रेष खालची आहे, पण ती त्याची स्वतःची आहे आणि ती वर जाते आहे. दिराचा मुलगा १३.८ किलोंचा, ९१ सेंटिमीटर. त्याचे अब्बा सहा फुटांच्या जवळ. त्याचीही रेष तशीच वर जाणारी. दोघांत बिघडलेला कुणी असेल तर तो कुर्ता.

तिने कार्ड पुन्हा पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे दुधाचे काही नाही?" आम्ही म्हणालो, काही नाही. तिने कार्ड घडी करून पर्समध्ये ठेवले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

इथे एक सांगायला हवे. काही मुले पहिल्या दीड वर्षात आपली रेष बदलतात. जन्मताना मोठे असलेले मूल आई-बापाच्या चणीकडे सरकत थोडे खाली येते, लहान जन्मलेले वर जाते. ते साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचे नसते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेवरून नाही, तर ठरलेल्या तारखेवरून मोजतात. दोन महिने आधी आलेल्या मुलाला पहिल्या वाढदिवशी दहा महिन्यांचा मानायचा. त्याच्या अंगात १२ महिन्यांचे झबले सैल पडले तर रडू नये.

इतके शहाणपण नणंदेला सांगताना आम्हाला आतून कुठेतरी टोचत होते. कारण आमच्याच घरात दहा वर्षांपूर्वी याच्या उलट झाले होते, आणि तेव्हा कुणीच रडले नव्हते. सगळे खूश होते.

आमचा धाकटा दोन वर्षांचा असताना ईदला त्याला पठाणी आणि वर काळी सदरी घेतली होती. फार शोभून दिसली. ईदनंतर धुऊन, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली. पुढच्या ईदला हात तंगच होता. मोठीची फी भरायची होती, घराची गच्ची गळत होती. सासूबाईंनी ट्रंक उघडली, पठाणी काढली, पोराला घातली. चपखल बसली! गळा नीट, बाही नीट, पायजमा घोट्यावर. "माशाअल्लाह, पैसे वाचले," त्या म्हणाल्या. आम्हीही म्हणालो, पैसे वाचले. इस्त्री केली, फोटो काढला. तो फोटो आजही अल्बममध्ये आहे, दोन वर्षांचे फोटो शेजारी शेजारी. आता बघितले की कळते. तीच पठाणी, तोच मुलगा, आणि जवळपास तेवढाच.

एका ईदपासून दुसऱ्या ईदपर्यंत ३५४-३५५ दिवस जातात. मूल पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १२, तिसऱ्यात ९. दोनाचे तीन होताना नऊ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंच. कपडा कसाही शिवलेला असो, वर्षभरापूर्वी बरोबर बसणारा पायजमा या वर्षी घोट्याच्या दोन-तीन बोटे वर जायलाच हवा. बाही मनगट सोडायला हवी. मागच्या ईदचा कुर्ता लहान मुलाला या ईदला नीट बसला, तर आनंद मानण्याआधी जरा थांबायचे असते. आम्ही थांबलो नाही.

ईदनंतर पंधरा दिवसांनी अंगणवाडीताई दारात आल्या. बरेच महिने आम्ही धाकट्याला वजनाला नेले नव्हते. शाळा, घर, रमजान, आणि खरे सांगायचे तर सासूबाईंना पोराला काट्यावर ठेवणे आवडत नसे. नजर लागते म्हणायच्या. ताईंनी घरातच वजन केले, उंची घेतली, कार्डावर ठिपका ठेवला आणि कार्ड आमच्यासमोर धरले. दोन वर्षांना ११ किलो, तीन वर्षांना ११ किलो ४००. उंची ८४ ची साडेसत्त्याऐंशी. वर्षात साडेतीन सेंटिमीटर. रेष आडवी पडली होती. ताई काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

आम्ही शिक्षक. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतात, ते दर वर्षी आम्हीच भरतो. टेप आणि काटा शाळेच्या कपाटात असतो. घाईच्या वर्षी मागच्या वर्षीच्या आकड्यात अंदाजाने दोन-चार मिळवून रकाना भरणारेही आम्हीच, हे इथे कबूल करतो. आणि घरचे पोर वर्षभर डोळ्यांसमोर हिंडत होते, पण रोज दिसणाऱ्या माणसाची वाढ डोळ्यांना दिसत नाही, तशी थांबलेली वाढही दिसत नाही. शिवाय आपल्याकडे लहान मुलांचे कपडे नेहमी 'वाढत्या अंगाचे' घेतात. सैल कपड्यात बारीक दंड झाकून जातात.

डॉक्टरांनी फार प्रश्न विचारले नाहीत. दिवसभरात काय खातो ते वेळेसकट लिहून आणायला सांगितले. लिहिताना आमचेच डोळे उघडले. सकाळी बाटलीभर दूध. नऊला चहात बुडवलेली बिस्किटे. दुपारी दोन घास भात आणि झोपताना बाटली. संध्याकाळी बाटली, रात्री बाटली. दिवसाला लिटरभर दूध! आम्हाला वाटत होते, दूध पितो म्हणजे तब्येत चांगली. दुधाने पोट भरत होते आणि जेवणाची भूकच लागत नव्हती. दुधात लोह नगण्य असते. चहा तर अन्नातले लोहही अंगाला लागू देत नाही. पावसाळ्यात दोनदा जुलाब झाले होते, त्यानंतर चार चार दिवस नुसत्या पेजेवर ठेवला होता. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.२ निघाले. या वयाला ११ तरी हवे.

बाटली बंद झाली. ती सगळ्यांत कठीण. तीन रात्री कुणी झोपले नाही, सासूबाईंनी आमच्याशी बोलणे सोडले. दूध दोन कपांवर आले, तेही जेवणानंतर आणि पेल्यातून. चहा बंद. जंताचे औषध, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले लोहाचे सिरप तीन महिने. ते जेवणानंतर लिंबाच्या सरबतासोबत द्यायचो. सिरपने दात काळसर होतात आणि शी काळी होते, त्याला घाबरू नये. जेवणात खिमा मऊ शिजवून, मुगाच्या खिचडीत अंडे फेटून, वर चमचाभर तेल किंवा तूप. आठवड्यातून एकदा कलेजी ठेचून. सासूबाईंनी अबोला सोडला तो या कलेजीवरूनच. "असली कलेजी पोर खाईल का? सरका," म्हणून त्यांनी पळी हातात घेतली आणि पुढे त्याचे जेवण त्यांनीच सांभाळले. गव्हाचा खिचडा तर तो आजही त्यांच्या हातचाच मागतो.

पुढच्या ईदला ती पठाणी आम्ही मुद्दाम त्याला घालून पाहिली. पायजमा नडगीवर आला होता, सदरीचे बटण लागत नव्हते. साडेनऊ सेंटिमीटर वाढला होता, अडीच किलोंहून थोडा जास्तच. सासूबाई ती पठाणी हातात घेऊन बराच वेळ बसून होत्या. आता तो सातवीत आहे आणि त्याच्या बुटांचा नंबर वर्षात दोनदा बदलतो.

सगळ्याच मुलांचे इतक्या सोप्याने निभावत नाही, म्हणून काही खुणा लक्षात असू द्याव्यात. वजनाची रेष दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली आली, तर तिसऱ्या महिन्याची वाट न बघता दाखवावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी अंगणवाडीत असते. साडेबारा सेंटिमीटर किंवा वर असेल तर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आला तर त्याच दिवशी दवाखाना. नजरेची भीती वाटते त्यांनी माशाअल्लाह म्हणावे आणि पोराला काट्यावर ठेवावे. पहिला वाढदिवस झाल्यावर मुलाची भूक थोडी मंदावते, पोटाचा नगारा कमी होतो, अंग लांबट होते. तेवढ्यावरून मात्र घाबरू नये.

उंची घरी घ्यायची तर दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून, त्यावरच्याला उभे करून. झोपवून घेतलेले माप उभ्यापेक्षा पाऊण सेंटिमीटरभर जास्त येते, त्यामुळे पद्धत बदलली की पोर आखडल्यासारखे वाटते. टाचा आणि डोके भिंतीला टेकवून डोक्यावर एक जाड पुस्तक आडवे धरावे आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी.

आता पुन्हा कपड्याकडे. या वयात मुलाची घडणच वेगळी असते. दोन वर्षांच्या मुलाचे डोके उंचीच्या पाचव्या हिश्श्याएवढे, पोट पुढे, पाय आखूड. मोठ्यांचा कुर्ता लहान करून शिवला की तो बसत नाही, तो यामुळे. गळ्याला खांद्यावर दोन बटणे किंवा पुढे लांब पट्टी हवीच, नाहीतर दिराच्या मुलासारखी गत. कमरेला नाड्याऐवजी इलॅस्टिक बरे, पण पोटावर वळ उठणार नाही इतके सैल. गळ्याशी बांधायच्या दोऱ्या नकोत, त्या कुठेही अडकतात. टिकल्या आणि मणी पोर दातांनी ओढते, तेव्हा ते लावूच नयेत. वाढीसाठी जागा हवी तर ती रुंदीत ठेवू नये, लांबीत ठेवावी, आणि तीही आत दुमडून. सैल कपड्यात पोर अडखळून पडते.

आमच्या मास्तरांकडे याला एक सुंदर शब्द आहे, जो मराठी शिंप्यांकडे सगळीकडे आहे: माया. शिवणीत जास्तीचे जे कापड आत सोडतात, ती माया. त्या ईदच्या दोन दिवस आधी आम्ही दोन्ही २० नंबरचे कुर्ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. पदराला टेप घेऊन गेलो होतो, दोन्ही पोरेही बरोबर होती. मास्तर म्हणाले, तयार कपड्यात माया ठेवतच नाहीत, कापड वाचवतात. दिराच्या मुलाचा कुर्ता उसवून पाहिला, आत पाव इंचही नव्हते. तो परत करून २४ नंबर आणला, गळा मात्र मास्तरांनी खांद्यावर चिरून बटणपट्टी लावली. नणंदेच्या मुलाचा त्यांनी कापला नाही. खांद्यावर एक बारीक चूण घेतली, बाह्या आणि पायजमा आत दुमडून हाताने कच्ची टीप मारली.

"पुढच्या ईदला ही टीप ओढून काढायची," ते नणंदेला म्हणाले. "कापड आतच आहे."

यंदा शाबानमध्ये तिचा रत्नागिरीहून फोन आला. टीप काढली होती, तरी पायजमा घोट्याच्या वर जात होता. नवा कुर्ता घ्यावा लागणार, असे तक्रारीच्या सुरात सांगत होती आणि मधेच हसत होती. भिंतीवरची खूण ९२ वर गेली आहे म्हणाली. आम्ही तो आकडा लिहून घेतला आणि बाजाराला निघालो.